लॅपटॉप टीव्हीला जोडताना : चित्राबरोबर आवाजही पोहोचवा



पिकावरील किडीची ओळख नुसती तोंडी सांगून पटत नाही. गुलाबी बोंडअळी लागलेले कपाशीचे फूल, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, ते कसे दिसते हे कितीही वर्णन केले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमके उभे राहत नाही. तेच फूल टीव्हीच्या पडद्यावर हातभर मोठे करून दाखवले की बैठकीतला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी आपल्या वावरात ते अचूक ओळखतो. ही पद्धत आजची नव्हे. दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषी दर्शन' सुरू झाले, तेव्हा दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच ठेवून शेतकऱ्यांना एकत्र बसवले जात असे. मात्र तेव्हा कार्यक्रम ज्या वेळी येईल त्या वेळी आणि जसा येईल तसा पाहावा लागे. आज गावातल्या एखाद्या मुलाकडे लॅपटॉप असतो, समाजमंदिरात किंवा गटाच्या अध्यक्षांच्या घरी टीव्ही असतो. या दोहोंची जोडणी केली की कार्यक्रम आपल्या हाती येतो. हवे तेथे थांबवता येतो, मागे नेता येतो, चित्र मोठे करता येते.

ही जोडणी सोपी आहे, परंतु ती अर्धवट झाली तर काय होते याचा एक अनुभव आधी सांगतो. राजापेठेहून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर आत वळून जे एक गाव लागते, तेथे आमच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या विद्यार्थ्यांनी शेतीशाळेची बैठक ठेवली होती. विषय होता कामगंध सापळे. टीव्हीवर चित्र उत्तम आले, पण आवाज लॅपटॉपच्या लहानशा स्पीकरमधूनच येत राहिला. वर टिनाचे छत आणि बाहेर पावसाची सर. मागे बसलेले एक काका म्हणाले, "सर, चित्र त दिसून राह्यलं, आवाज कुठी गेला?" मी त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले आणि चित्रफीत तशीच पुढे चालू ठेवली. पडद्यावर मोठ्या अक्षरात '८ पतंग' असे आले. चित्रफितीतील निवेदक मात्र सांगत होता की प्रति सापळा ८ पतंग सलग ३ रात्री आढळले तरच आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. 'सलग ३ रात्री' हे शब्द मागच्या रांगांपर्यंत पोहोचलेच नाहीत. पुढील आठवड्यात त्यातील एका शेतकऱ्याने एकाच रात्री सापळ्यात ८ पतंग दिसले म्हणून फवारणी उरकून घेतली. औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाया गेला व मित्रकीटक मेले ते वेगळेच. दोष त्यांचा नव्हता. आकडा चित्रात होता, अट आवाजात होती, आणि आवाज आम्ही पोहोचवलाच नव्हता. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे जीव गेले हे आपण सर्व जाणतोच. फवारणीच्या वेळी घ्यावयाची काळजी अशा अर्धवट आवाजात दाखवणे कितपत बरोबर, याचा विचार व्हावा. म्हणून या लेखात चित्राइतकीच जागा आवाजाला दिली आहे.

आधी दोन्ही यंत्रांच्या बाजू पाहा

केबल घेण्यासाठी अमरावतीला जाण्यापूर्वी एक काम करावे. लॅपटॉपच्या दोन्ही कडांचा व टीव्हीच्या पाठीमागचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. राजापेठ काय किंवा राजकमल चौक काय, दुकानात गेल्यावर "लॅपटॉप टीव्हीला लावायची वायर द्या" एवढेच सांगितले तर दुकानदार त्याच्या अंदाजाने वायर देतो, आणि ती बसली नाही की एसटीचे भाडे पुन्हा अंगावर पडते. फोटो दाखवला की हा प्रश्न उरत नाही.

गेल्या बारा-पंधरा वर्षांतील बहुतेक लॅपटॉपला एचडीएमआय नावाचे पोर्ट असते. ते साधारण पाऊण बोट रुंद, चपटे, व खालच्या बाजूला दोन्ही कोपरे कापल्यासारखे निमुळते असते. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला याच आकाराची एक, दोन किंवा तीन पोर्ट असतात व त्यांवर १, २, ३ असे क्रमांक लिहिलेले असतात. हे तंत्र २००२ साली आले. त्याचा मोठा फायदा असा की एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात.

त्याआधीच्या लॅपटॉपला व्हीजीए पोर्ट असते. ते बहुधा निळ्या रंगाचे असते, त्यात तीन ओळींत १५ छिद्रे असतात आणि दोन्ही बाजूंना स्क्रू पिळण्याची सोय असते. १९८७ साली संगणकाच्या पडद्यासाठी काढलेले हे तंत्र फक्त चित्र वाहून नेते. यातून आवाज जात नाही, कितीही चांगली केबल आणली तरी जाणार नाही. व्हीजीएने जोडून "आवाज येत नाही" म्हणून टीव्ही मेकॅनिकला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत.

अगदी नवीन, पातळ लॅपटॉपला कधी कधी या दोहोंपैकी काहीच नसते. फक्त लंबगोल आकाराची यूएसबी-सी पोर्ट असतात. मोबाइल चार्जरची नवी पिन ज्यात बसते तेच हे. त्यातून एचडीएमआय काढणारा जोडतुकडा मिळतो, पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र निघतेच असे नाही. पोर्टशेजारी पडद्याची किंवा विजेची खूण असेल तर बहुधा निघते. लॅपटॉप सोबत नेऊन दुकानातच लावून पाहणे हा खात्रीचा मार्ग होय. मोबाइलच्या बाबतीतही हेच लागू आहे. महागड्या काही मोबाइलमधूनच तारेने चित्र निघते, बाकीच्यांतून नाही.

एचडीएमआयने जोडणी

लॅपटॉप व टीव्ही दोन्ही बंद असताना केबल जोडावी. मग आधी टीव्ही सुरू करावा. रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' असे लिहिलेली कळ असते. ती दाबल्यावर यादी येते, तीत केबल ज्या क्रमांकाच्या पोर्टमध्ये लावली तोच क्रमांक निवडावा. पुष्कळदा केबल दोन नंबरला असते व टीव्ही एक नंबरला पाहत बसलेला असतो. 'नो सिग्नल' अशी अक्षरे दिसली की प्रथम हेच तपासावे.

आता लॅपटॉप सुरू करावा. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर, कळफलकाच्या खालच्या ओळीतील चार चौकोनांची विंडोज कळ दाबून ठेवून 'पी' अक्षराची कळ दाबावी. चार पर्याय दिसतात. त्यातील 'डुप्लिकेट' निवडला की लॅपटॉपवर जे आहे तेच टीव्हीवर दिसते. बैठकीसाठी हाच पर्याय घ्यावा, कारण चालवणाऱ्याला आणि पाहणाऱ्यांना एकच चित्र दिसते. 'एक्स्टेंड' निवडल्यास टीव्ही हा लॅपटॉपचा दुसरा, जोडलेला पडदा होतो. चित्रफीत एकीकडे आणि माउसचा बाण दुसरीकडे असा गोंधळ नवशिक्याचा येथेच होतो. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडल्यास लॅपटॉपचा पडदा काळा पडतो. लॅपटॉप बिघडला असे समजून घाबरू नये, पुन्हा त्याच दोन कळा दाबाव्यात.

चित्र आले, पण चारही कडा कापल्यासारख्या दिसतात, तक्त्यातील शेवटचा रकाना दिसत नाही, असे कधी कधी होते. टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवतो म्हणून हे घडते. टीव्हीच्या पिक्चर मेनूत चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, तेथे 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तत्सम नाव निवडावे. कंपनीगणिक नाव बदलते, जागा मात्र हीच. खताच्या मात्रेचा तक्ता दाखवताना हे विशेष पाहावे, कारण कापला जाणारा रकाना बहुधा पालाशचा असतो!

आता आवाज. केबलमधून आवाज जाऊ शकतो याचा अर्थ तो आपोआप जाईलच असा नाही. लॅपटॉपला एकाच वेळी आवाजाच्या दोन-तीन वाटा उपलब्ध असतात व त्यातली एक आपण निवडावयाची असते. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चित्र असते. त्यावर टिचकी मारून, आवाज कमी-जास्त करण्याच्या पट्टीशेजारील खूण किंवा बाण दाबावा. यादी उघडते. तीत लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर आणि टीव्ही अशी दोन नावे दिसतात. टीव्हीचे नाव म्हणजे कंपनीचे नाव किंवा नुसता मॉडेल क्रमांकही असू शकतो. ते निवडले की आवाज टीव्हीतून येऊ लागतो. आमच्या त्या बैठकीत फक्त एवढेच करावयाचे राहिले होते.

आवाजाची वाट निवडण्याआधीच चित्रफीत सुरू केलेली असेल तर काही वेळा ती जुन्याच वाटेने वाजत राहते. ती बंद करून पुन्हा उघडावी. लॅपटॉपवरचा आवाज पूर्ण वाढवावा व पुढील कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करावे, म्हणजे दोन ठिकाणी हात घालावा लागत नाही.

व्हीजीए किंवा जुना टीव्ही असेल तर

लॅपटॉप व टीव्ही दोहोंना व्हीजीए असेल तर चित्राची केबल एक आणि आवाजाची केबल दुसरी लागते. दुसरी म्हणजे दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली साधी वायर. तिचे एक टोक लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात व दुसरे टीव्हीवर व्हीजीएच्या शेजारी 'पीसी ऑडिओ इन' असे लिहिलेल्या छिद्रात घालावे. टीव्हीवर हेडफोनसाठीही तसेच छिद्र असते. त्यात घातल्यास आवाज येणार नाही, कारण तेथून आवाज बाहेर पडतो, आत जात नाही. 'इन' आणि 'आउट' ही दोन अक्षरे वाचल्याखेरीज पिन खुपसू नये.

लॅपटॉप जुना व टीव्ही नवा असल्यास व्हीजीएचे एचडीएमआय करणारा तुकडा मिळतो. आवाजाची पिन व विजेसाठी यूएसबीची शेपटी असलेलाच तुकडा घ्यावा. विजेविना आणि आवाजाच्या पिनेविना मिळणारी स्वस्त वायर या कामाची नाही.

जाड काचेचा, पाठीमागे पोट असलेला जुना टीव्ही पुष्कळ घरांत अजून चालू स्थितीत आहे. त्याला पिवळी, पांढरी व लाल अशी तीन छिद्रे असतात. पिवळे चित्राचे, पांढरे व लाल आवाजाचे. यासाठी 'एचडीएमआयचे एव्ही' करणारी छोटी डबी लागते. येथे दिशेला फार महत्त्व आहे. 'एव्हीचे एचडीएमआय' करणारी हुबेहूब तशीच दिसणारी डबीही दुकानात असते आणि ती उलट्या कामाची आहे. डबीवरील बाण व अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. डबीवर 'पाल' व 'एनटीएससी' असे बटण असेल तर ते पालवर ठेवावे. आपल्याकडील जुने संच पाल पद्धतीचे आहेत, बटण उलट असेल तर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा वरखाली फिरते. काही नव्या टीव्हींना तीन छिद्रांऐवजी एकच लहान छिद्र असते व त्यातून तीन रंगांच्या पिना काढणारी वायर लागते. अशा वायरीत रंगांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो. चित्राऐवजी नुसती घरघर आली तर पिना अदलून-बदलून पाहाव्यात, नुकसान काही होत नाही.

जुन्या संचाची अडचण अशी की त्यावर चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६ च असतात, तर नव्या टीव्हीवर १०८० किंवा त्याहून अधिक. अळी दिसेल, डोमकळी दिसेल, पण लॅपटॉपवरील बारीक अक्षरे वाचता येणार नाहीत. मजकूर दाखवायचा असल्यास एका पडद्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नये.

गावातील विजेची गोष्ट

हा भाग शहरातल्या माहितीपत्रकांत सापडत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुष्कळ घरांत व समाजमंदिरांत बोर्डाला तीन छिद्रे असतात, पण वरच्या मोठ्या छिद्राला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी केबल लावताना धातूला बोट लागले की झिणझिण्या येतात, कधी बारीक ठिणगीही उडते. माणसाला बहुधा इजा होत नाही, पण त्या एका ठिणगीने एचडीएमआय पोर्ट जळू शकते, आणि ते लॅपटॉपच्या मुख्य पाटीवरच असल्याने दुरुस्ती महागात पडते. म्हणून जोडणी करताना लॅपटॉपच्या चार्जरची व टीव्हीची पिन बोर्डातून काढून ठेवावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. डिश किंवा केबलची गोल वायर टीव्हीला असेल तर तीही काढावी, कारण छतावरून किंवा दुसऱ्याच्या घरातून येणारा प्रवाह त्या वाटेनेही उतरतो. सर्व केबल जोडून झाल्यावर टीव्ही व चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावावेत. आकाशात कडाडत असेल तर बैठक थांबवून सर्व पिना काढाव्यात. अर्थिंग दुरुस्त करून घेणे हा खरा उपाय होय व ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

भारनियमनाचा विचारही आधी करावा. लाइन गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, टीव्ही मात्र बंद पडतो. टीव्हीच्या पाठीवर किती वॅट लागतात ते लिहिलेले असते. बत्तीस इंची एलईडी टीव्हीला साधारण एका जुन्या पिवळ्या बल्बइतकीच वीज लागते, तेव्हा घरगुती इन्व्हर्टरवर तो सहज चालतो.

आवाज मोठा हवा असेल तर

आताच्या पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. घरात ते पुरतात, पण चाळीस माणसांच्या बैठकीत पुरत नाहीत. येथे भजनी मंडळाचा अँप्लिफायर कामाला येतो. एका टोकाला हेडफोनची पिन व दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर घ्यावी. एक टोक लॅपटॉपला, दुसरे अँप्लिफायरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या जागी लावावे. माइकच्या जागी लावू नये, आवाज फाटतो. हेडफोनची पिन लावली तरी आधी टीव्ही निवडलेला असेल तर आवाज टीव्हीतूनच येत राहील. अशा वेळी वर सांगितलेल्या यादीतून हेडफोन किंवा स्पीकर निवडावा.

अँप्लिफायर जोडताच एकसारखी 'हूंऽऽ' अशी गुणगुण सुरू झाली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. बहुतेक वेळा ती लगेच थांबते. चार्जर व अँप्लिफायर यांच्या विजेच्या वाटा वेगळ्या असल्याने हा घोटाळा होतो. मग लॅपटॉप आधीच पूर्ण चार्ज करून ठेवून बॅटरीवरच बैठक घ्यावी.

टीव्हीवरून एखाद्या शास्त्रज्ञांशी थेट बोलण्याची सोय केली असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. टीव्हीतून येणारा आवाज लॅपटॉपचा माइक पुन्हा पकडतो व समोरच्याला स्वतःचेच बोलणे घुमून ऐकू येते. लॅपटॉप टीव्हीपासून केबल पुरेल तेवढा दूर ठेवावा आणि आपण बोलत नसताना माइक बंद ठेवावा. तीन ते पाच मीटरची एचडीएमआय केबल यासाठी सोयीची पडते. दहा मीटरच्या पुढे साध्या केबलने चित्र तुटू लागते.

बिनतारी जोडणीविषयी पुष्कळ जण विचारतात. स्मार्ट टीव्ही असेल व त्यात पडदा उमटवण्याची सोय असेल तर विंडोज कळ व 'के' ही कळ दाबून टीव्हीचे नाव निवडता येते. त्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. परंतु चित्र अडखळते, आवाज मागे-पुढे होतो. चार जण जमलेल्या घरात ठीक आहे, पन्नास जणांच्या बैठकीत मी तरी तारेवरच विसंबतो. आणि खरे सांगायचे तर, तयार चित्रफीत नुसती दाखवायची असेल, मध्ये काही मोठे करून समजवायचे नसेल, तर लॅपटॉपची गरजच नाही. एमपी-४ प्रकारची फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून तो टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावावा. चित्र व आवाज दोन्ही सुरळीत येतात.

कोणतीही जोडणी असो, बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच टीव्हीवर एकदा करून पाहावी. चित्रफीत सुरू करून स्वतः सर्वांत मागच्या सतरंजीवर जाऊन बसावे. गावातील भगिनी बहुधा तेथेच बसतात, आणि फवारणीच्या दिवसांत पाणी वाहून देण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येते. तेथून निवेदकाचा प्रत्येक शब्द ऐकू आला तर तयारी झाली असे समजावे. एवढे करूनही आवाज गेलाच, तर चित्रफीत थांबवून पडद्यावरील चित्र तसेच ठेवावे व निवेदन स्वतःच्या तोंडाने सांगावे. मी त्या दिवशी एवढे जरी केले असते तरी पुरे होते.

बैठक संपल्यावर लॅपटॉपवर पुन्हा विंडोज व 'पी' दाबून पहिला पर्याय निवडावा, मग केबल काढावी. डिशची वायर पूर्ववत लावावी आणि टीव्हीचा सोर्स परत सेट-टॉप बॉक्सवर आणून ठेवावा. नाहीतर ज्यांच्या घरचा टीव्ही आपण वापरला, त्या घरच्या आजीबाई संध्याकाळी मालिका लावायला जातात, 'नो सिग्नल' पाहतात, आणि पुढच्या बैठकीला टीव्ही मिळत नाही.